आधी वायर, मग झाकण

दुकानाच्या पाटीवर 'संगणक दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं, पण त्या रस्त्यावर ते दोन शब्द कधी कुणी उच्चारले नाहीत. कुणाचं मशीन बिघडलं की शेजारचा सरळ सांगायचा, "काकांकडे टाक." एवढ्यावर पत्ता पुरा व्हायचा.

काकांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर आणि दोघांच्या मधे एक जाड, धुवून धुवून रंग गेलेला पडदा. पडद्याच्या अलीकडे काका, पलीकडे काकू. संसारातलं बरंचसं बोलणं त्या पडद्यातूनच होत असे. "चहा टाकू का?" "टाक." "पाहुणा आहे की गिऱ्हाईक?" "गिऱ्हाईक." "मग एकच टाकते."

आणि एक प्रश्न ठरलेला. काकांनी स्क्रू सोडवायला घेतले आणि त्याचा आवाज आत गेला की पलीकडून विचारणा यायचीच.

"वायर काढली का हो?"

"काढली."

याला कारण होतं. लग्न झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, घाईघाईत एका जुन्या मॉनिटरमध्ये हात घालून काका खुर्चीसकट मागे फेकले गेले होते. काकूंनी नवऱ्याचा तो पांढराफटक चेहरा पाहिला तो पाहिला. तेव्हापासून काकांचा नियम झाला, 'आधी वायर, मग झाकण,' आणि काकूंचा प्रश्न झाला. नियम इतका अंगात मुरला की पुढे पुढे वायर काकांचा हातच काढायचा. डोक्याला त्याची खबरही नसायची.

गिऱ्हाइकांशी काका मोकळेपणाने वागत. एकदा एका कचेरीतले गृहस्थ घाम पुसत आले. मशीन चालू केलं की सुरुवातीलाच पासवर्ड मागतं आणि पासवर्ड तर आठवत नाही.

"काय ठेवला होता?"

"बायकोच्या वाढदिवसाची तारीख."

"मग घाला की."

गृहस्थ खाली बघत म्हणाले, "काका, तीच विसरलोय."

पडद्यापलीकडे काकूंना हसू आवरेना. काकांनी मात्र गंभीर चेहऱ्याने वायर काढली, झाकण उघडलं, आतल्या बोर्डावरचा नाण्याएवढा चपटा सेल नखाने उचलला, चहा संपेपर्यंत तो टेबलावर ठेवला आणि परत बसवला. मशीन काही न विचारता सुरू झालं. "याने माफ केलं," काका म्हणाले, "घरचं तुमचं तुम्ही बघा."

ही जादू कशी होते, ते काकांनी आपल्या मुलीला ती लहान असतानाच समजावलं होतं. एकच मुलगी. जन्मली तेव्हा ती एकदाच, छोटासा आवाज काढून गप्प बसली. नर्स घाबरली, पण काका म्हणाले, "एकच छोटा बीप. म्हणजे सगळं ठीक आहे." कारण चांगलं मशीन सुरू होताना तसाच एक छोटा आवाज करतं. तेव्हापासून घरात तिचं नाव बीप. शाळेत वेगळं होतं, पण ते शाळेपुरतं.

बीप टेबलावर पाय हलवत बसायची आणि प्रश्न विचारून काकांचा जीव खायची.

"बाबडू, बटण दाबल्यावर आधी कोण उठतं?"

"बोर्डावर एक चिप असते. तिच्यात एक छोटा प्रोग्रॅम कायमचा लिहिलेला असतो, वीज असो नाहीतर नसो. तो आधी उठतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का, सगळं बघतो. असेल तर एकदा बीप म्हणतो आणि डिस्कला सांगतो, आता पुढचं तू बघ."

"आणि काही नसेल तर?"

"तर लांब आवाज काढून ओरडत बसतो."

"म्हणजे सकाळी आई उठते तसं!"

"ऐकू येतंय हं मला," पलीकडून काकू.

"मग आजची तारीख त्याला कशी कळते?"

"ती वेगळ्या ठिकाणी असते. तारीख, वेळ, कुठल्या डिस्कपासून सुरुवात करायची, पासवर्ड, असं जे जे आपण सांगतो ते एका दुसऱ्या, छोट्या मेमरीत राहतं. तिला मात्र सतत विजेचा घोट लागतो. मशीन बंद असतं तेव्हा तो घोट या सेलमधून मिळतो. सेल काढला की ती सगळं विसरते."

"बीप म्हणायचं पण विसरते?"

"ते नाही विसरत. ते जन्माचं आहे. आपण सांगितलेलं तेवढं जातं."

बीपने त्यावर बराच वेळ विचार केला होता.

ती नववी-दहावीत गेली तोवर सुरुवातीच्या त्या निळ्या सेटिंगच्या पानावर काकांइतक्याच सहजपणे फिरू लागली होती. काकांचं स्वतःचं एक मशीन कोपऱ्यात असे, हिशोबाचं आणि बिलांचं. ती त्यातल्या सेटिंग बदलून ठेवायची, घड्याळ मागे-पुढे करायची. एका संध्याकाळी काका वैतागले. "या मशीनला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

"बरं. मी नाही लावत. तूही नको लावूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बटण दाबलं. एक बीप वाजला आणि काळ्या स्क्रीनवर पासवर्डची चौकट आली. बीप दारात दप्तर घेऊन उभी होती आणि हसू दाबून तिचे गाल फुगले होते.

"ओळख."

"अगं, कामं आहेत मला. सांग मुकाट्याने."

"तीनदा चुकलास की बंद करून परत चालू करायचं, माहितीये ना? ओळख. नाहीतर 'हरलो' म्हण, लगेच सांगते."

"मी? हरलो म्हणू? तुला हे शिकवलं कुणी?"

"म्हणून तर!" म्हणत ती पळाली.

सेल काढला असता तर क्षणात काम झालं असतं. पण तसं करणं म्हणजे रडीचा डाव, आणि काका रडीचा डाव खेळणारे नव्हते. त्यांनी आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, बिलं तिथून करू लागले आणि रोज सकाळी तीन शब्द घालू लागले. इंग्रजी अक्षरांत लिहायचं, तेव्हा शब्द ज्या ज्या तऱ्हेने लिहिता येईल त्या सगळ्या तऱ्हा करून बघायच्या आणि मग तो मोजायचा एक, असा त्यांनी स्वतःशीच नियम केला. पहिल्या दिवशी त्यांनी 'बीप' घातला. नाही. मग मांजरीचं नाव. तेही नाही. मग काकांनी जरा खाकरून, आजूबाजूला बघून 'बाबडू' घातला. हा असणारच अशी त्यांची खात्री होती. अक्षरं उलटसुलट करून, एक वाढवून, एक कमी करून, जमेल तितक्या वेळा त्यांनी तो घालून पाहिला. मशीनने प्रत्येक वेळी नाही म्हटलं. काकांना उगाचच थोडं लागलं. म्हणजे आपलं नाव नाही तर, असं त्यांना वाटलं, आणि मग आपल्याला असं वाटलं याचं हसूही आलं.

तो खेळ जेमतेम पंधरवडा चालला. मग बीपला ताप आला. साधा ताप, असं आधी सगळेच म्हणाले. मग तो साधा राहिला नाही. हॉस्पिटलमधल्या लांब खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर ती पडून होती. हाताला सुई, ओठ सुकलेले. काका बाजूला स्टुलावर. एका दुपारी तिने डोळे उघडले, काकांकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "हरलास?"

काकांच्या ओठांवर तो शब्द आला होता. म्हटला असता, तर तिने सांगितलंही असतं. पण त्या खाटेजवळ बसून 'हरलो' म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

"छे, अजून कुठे," ते म्हणाले. "घरी चल, मग बघू."

ती हसली. घरी मात्र ती आली नाही.

त्यानंतर बरेच दिवस दुकान बंद राहिलं. मग एका सकाळी पडद्यापलीकडे काकूंना ओळखीचा छोटा आवाज आला. बीप. त्या हातातलं काम टाकून पडद्याशी आल्या. काका कोपऱ्यातल्या मशीनपुढे बसले होते आणि पुटपुटत होते, "रिबीन... गोगलगाय..." मशीनने तीनदा नाही म्हटलं. काकांनी ते बंद केलं, उठले आणि दुकानाचं दार उघडलं.

तेव्हापासून हे रोजचं झालं. आत मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डिस्क बाहेर होती, तिच्यावरचे फोटो काकांनी कधीच उतरवून ठेवले होते. काही कंपन्या मशीनला सगळ्यांवर चालणारी एक चोरकिल्ली ठेवतात, तीही काकांना ठाऊक होती. पण तिने नुसतं दार उघडतं, शब्द कळत नाही. तो शब्द मशीनमध्येही शब्दासारखा नसतो. त्याची आकड्यांत मोडतोड करून ठेवलेली असते. त्यावरून मूळ शब्द उलटा काढता येत नाही. आपण एक शब्द पुढे करायचा आणि विचारायचं, हाच का? ते फक्त हो किंवा नाही म्हणणार.

जगात त्या प्रश्नाचं उत्तर आता फक्त त्या कोपऱ्यातल्या मशीनकडे होतं, आणि त्याचा जीव एका चपट्या सेलमध्ये होता.

आपले शब्द संपले की काका पडद्याकडे तोंड करून विचारायचे, "अगं, तिची ती लाल छत्री, तिला ती काय म्हणायची?"

पलीकडे भांडी थांबायची. "टिंबू."

"टिंबू. हां."

कधी काकू आपणहून सांगायच्या. "अहो, त्या गणिताच्या बाई, ज्यांची ती नक्कल करायची, त्यांना ती 'कोनमापक' म्हणायची, आठवतं?"

"तो घातला. नाही म्हणालं."

"आणि बालवाडीतला तो मुलगा, तिचा डबा खाणारा?"

"खादाडू. थांब, बघतो... नाही."

मुलीविषयी ती दोघं एरवी बोलत नसत. एकाने सुरुवात केली की दुसऱ्याचा चेहरा असा व्हायचा की पहिल्याने गप्पच बसावं. पण शब्द शोधायच्या निमित्ताने सगळं बोलता यायचं. छत्री, डबा, पडलेला दात, बसच्या खिडकीतून उडालेली टोपी. तीन वेळा नाही झालं की मशीन बंद, बोलणं बंद. एखादा शब्द जुळला तर उद्यापासून काय बोलायचं, हा विचार काकांच्या मनात येत नव्हता असं नाही. कधी कधी तिसरा शब्द घालताना त्यांचं बोट नको तितका वेळ कीबोर्डवर थांबायचं.

घातलेला कुठलाही शब्द काकांनी कागदावर लिहिला नाही, पण एकही विसरले नाहीत.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी, बराच वेळ गेलेली वीज परत आल्यावर, काकांच्या लक्षात आलं की मशीन सुरू व्हायला नेहमीपेक्षा अडखळतंय आणि सुरुवातीला खाली एक ओळ येतेय. सेल कमजोर झाल्याची. काकांनी ती पुन्हा वाचली. भिंतीवरचं बटण चालू असलं की बंद मशीनलाही तारेतून थोडी वीज मिळत राहते, तेवढ्यावर ती छोटी मेमरी जगते. पण वीज पुन्हा जास्त वेळ गेली आणि सेलने हात टेकले, तर?

त्यांनी बटणावर कागद चिकटवला: बंद करू नये. मग आतल्या खोलीत जाऊन काकूंना सगळं सांगितलं.

"मग नवा घाला की. लोकांना रोज घालता."

"लोकांचा घालतो तेव्हा जुनं पुसलं जातं गं. न पुसता घालायचा तर एकच वाट आहे. वायर लावलेलीच ठेवायची. बोर्डावर एक हिरवा दिवा असतो, तो लागलेला असेपर्यंत मेमरीला तारेतून वीज मिळते. तेवढ्यात सेल बदलायचा."

"चालू विजेत हात घालणार?" काकूंचा चेहरा पांढरा पडला.

"चालू नाही. मशीन बंदच. थोडीशी वीज असते, बोटाला मुंगीसुद्धा चावायची नाही."

"कधी केलंय असं?"

"नाही," काका म्हणाले. "कधी गरज पडली नाही."

सुटीच्या दिवशी, भर दुपारी, चांगल्या उजेडात त्यांनी काम काढलं. दार आतून लावलं. नवा सेल मीटरवर तपासला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. लाकडी चिमटा घेतला, म्हणजे धातू धातूला लागायला नको. सगळं मनात दोनदा करून पाहिलं. काकूंना पडद्यापलीकडे बसवेना, पण पुढे यायचीही हिंमत होईना. त्या ओट्याशी उभ्या राहून एकच पातेलं पुसत राहिल्या.

काकांनी मशीन वळवून पाठ आपल्याकडे घेतली आणि पहिला स्क्रू सोडवायला घेतला. तो ओळखीचा किरकिर आवाज आत गेला.

"वायर काढली का हो?"

त्यांना विचारायचं नव्हतं. कशाचंच भान नव्हतं त्यांना. इतक्या वर्षांचा आवाज आला आणि इतक्या वर्षांचा प्रश्न तोंडातून गेला.

"काढली," काका म्हणाले.

आणि काढली होती. मशीन वळवतानाच हाताने आपलं काम केलं होतं, नेहमीसारखं, डोक्याला न विचारता.

झाकण निघालं. काकांनी श्वास रोखून चिमट्याने जुना सेल अलगद उचलला. त्याखालच्या दोन पात्यांवर धूळ होती; ती त्यांनी मऊ ब्रशने निगुतीने झाडली. एक पातं जरा वाकलं होतं, ते सरळ केलं. मग नवा सेल उचलला आणि जागेवर ठेवताना काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं. बोर्डावर अंधार होता. हिरवा दिवा कुठे आहे?

त्यांनी खाली पाहिलं. वायर त्यांच्या पायाशी पडली होती, रोज पडते तशी, नीट गुंडाळून ठेवलेली.

"काय झालं?" काकू पडद्यातून बाहेर आल्या. त्यांनी काकांचा चेहरा पाहिला, मग वायर पाहिली, आणि तोंडावर हात ठेवला. "मी विचारलं... मी का विचारलं?"

"तू विचारायच्या आधीच निघाली होती," काका म्हणाले. "हात माझा."

सेल काढला की काही क्षण ती मेमरी तग धरते. कधी कधी. तेवढी एक आशा होती. काकांनी नवा सेल दाबून बसवला, वायर लावली, बटण दाबलं. पंखा फिरला. एक छोटा बीप वाजला. ते जन्माचं होतं, ते विसरलं नाही.

मग पासवर्डची चौकट आली नाही. आधीच्या सेटिंग गेल्या आहेत, तारीख आणि वेळ पुन्हा भरा, असं लिहून आलं. काकांनी निळं पान उघडलं. तिथे पहिली जानेवारी होती आणि साल असं, की त्या वर्षी बीप नुकती शाळेत जाऊ लागली होती. सेकंदांचे आकडे पुढे सरकत होते. मशीनच्या लेखी पुढचं काहीच घडलेलं नव्हतं.

काका त्या आकड्यांकडे पाहत राहिले. मग स्क्रीनकडे बघूनच म्हणाले,

"हरलो गं."

ते कुणाला म्हणाले ते काकूंना कळलं. खेळाचा नियमही त्यांना ठाऊक होता. बीपने तो सुरू केला त्या सकाळी त्या पडद्याआड उभ्या होत्या. हरलो म्हणणाऱ्याला उत्तर सांगायचं असतं. त्यांनी डोळे पुसले, स्टूल ओढून काकांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या,

"मला माहीत होता तो."

काकांनी मान वळवली.

"तिने सांगितलं होतं मला. शपथ घातली होती, बाबाला सांगायचं नाही, त्याला ओळखू दे. म्हणून बोलले नाही."

"काय होता?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दुसरा काय असणार? 'बाबडू' होता."

पहिल्या दिवशीचा तिसरा शब्द. खाकरणं, आजूबाजूला बघणं, अक्षरांची उलटापालट आणि प्रत्येक वेळी आलेलं ते नाही, सगळं त्यांना आठवत होतं. आता खरंखोटं विचारावं असं जगात कुणी उरलं नव्हतं. त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पंधरा-सोळा वर्षं एक मूल सांभाळून रिकाम्या झालेल्या, आणि आता हातात असेल नसेल ते सगळं नवऱ्यापुढे ठेवणाऱ्या बाईचा तो चेहरा होता.

"बघ की," काका म्हणाले. "इतका सोपा, आणि मला कधी सुचलाच नाही."

"तुम्ही कायम अवघडात शिरता," काकू म्हणाल्या आणि रडू लागल्या. काकाही रडले. इतक्या वर्षांत एकमेकांसमोर दोघं एकदाही रडली नव्हती.

बऱ्याच वेळाने काकांनी विचारलं, "आज तारीख काय?" काकूंनी उठून भिंतीवर पाहिलं आणि सांगितली. काकांनी एकेक आकडा बदलत मशीनला आजच्या दिवसापर्यंत आणलं. वर्षं भराभर पुढे गेली. एका सालावर त्यांचं बोट थांबलं, मग तेही सरकलं. शेवटी ते पासवर्डच्या ओळीवर गेले, एक शब्द घातला, खात्रीसाठी तोच पुन्हा घातला, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

बीप. मग चौकट.

त्यांनी कीबोर्ड काकूंपुढे सरकवला. "तू घाल."

काकूंनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, तो शब्द घातला. स्क्रीनवर नुसते ठिपके उमटत गेले. मशीन जरा थांबलं आणि हो म्हणालं. ते पहिल्यांदाच हो म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. एक मुलगी मशीन घेऊन आली, आवाज करतंय म्हणाली. काकांनी ते टेबलावर आडवं केलं, वायर काढून गुंडाळून ठेवली आणि स्क्रू सोडवायला घेतला. किरकिर आवाज आत गेला. पलीकडून काही आलं नाही.

काका थांबले. स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच धरून ते पडद्याकडे बघत राहिले. मुलगीही बघू लागली, काय झालं म्हणून.

"अगं," काका म्हणाले, "विचार की."

पडद्यामागे भांडी थांबली.

"वायर काढली का हो?"

"काढली," काका म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडलं.